मनुष्यबळ खात्यातील उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. जुन्या काळी सरकारी कचेऱ्यांच्या ओसरीवर असे उमेदवार बसलेले असत. दप्तरे उचलावीत, नकला कराव्यात, जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून हिशेबाची व पत्रलेखनाची रीत उचलावी आणि एखादी जागा मोकळी होईल या आशेवर बिनपगारी दिवस कंठावेत, असा त्यांचा क्रम असे. पुढे निवडणुका आल्या, त्यांनी हा शब्द उचलला, आणि त्याचा मूळ अर्थ लोकांच्या बोलण्यातून काहीसा मागे पडला. कायद्याने मात्र तो जतन केला आहे. संसदेने १९६१ साली केलेल्या कायद्याचे मराठी नावच मुळी 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असे आहे.

हा कायदा प्रथम कारखान्यातील हातकामासाठी झाला. जोडारी, कातारी, वीजतंत्री अशा कारागिरांना यंत्राजवळ उभे करून शिक्षण द्यावे, हा त्याचा हेतू होता. पुढे अभियंत्यांना त्यात स्थान मिळाले. २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने कला, वाणिज्य इत्यादी शाखांच्या पदवीधरांनाही हा दरवाजा उघडला. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेस आपल्या मनुष्यसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. त्यामुळे पूर्वी केवळ यंत्रशाळेत दिसणारा उमेदवार आता कचेरीतही दिसू लागला; आणि वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी चालविणाऱ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ खात्यातही त्याची खुर्ची मांडली गेली.

या उमेदवाराची स्थिती प्रथमच नीट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे तो शिकणारा आहे, कामगार नव्हे. आणि कामगारांविषयीचे कायदे त्याला सामान्यतः लागू होत नाहीत. कामाचे तास, रजा, अपघाताची भरपाई आणि दरमहा विद्यावेतन एवढे कायद्याने त्याच्या पदरात घातले आहे. नोकरीची हमी मात्र घातलेली नाही. फौंड्रीतील शिकाऊला ही गोष्ट वर्षाच्या अखेरीस जाणवते. मनुष्यबळ खात्यातील शिकाऊला ती पहिल्या दिवसापासून जाणवते. कारण दुसऱ्यांच्या नेमणुकीची पत्रे तयार करणे हेच त्याचे काम, आणि त्याच्या स्वतःच्या हाती तसे पत्र नसते.

हे खाते आले कोठून, याचा इतिहास मुंबईकरांना परका नाही. १८५६ साली कावसजी दावर यांची कापडगिरणी मुंबईत सुरू झाली आणि त्यानंतर गिरण्यांचे एक नगरच परळ-लालबागेत उभे राहिले. या गिरण्यांत माणूस घेणे व काढणे हे मालकाच्या नव्हे, तर जॉबरच्या हाती असे. बायकांच्या खात्यांत तोच अधिकार नायकिणीकडे असे. सकाळी गिरणीच्या दरवाजावर माणसे गोळा व्हावीत, जॉबरने त्यांतून बोटाने निवड करावी आणि निवडलेल्याने त्याची दस्तुरी चुकती करावी, ही रीत. जॉबर बहुधा आपल्याच गावची, आपल्याच नात्यागोत्याची माणसे आणी. त्यांना खोली पाही, उसने पैसे देई, आणि मर्जी फिरली की घरीही बसवी. आश्रय आणि जुलूम ही दोन्ही एकाच हाताने होत.

या व्यवस्थेविरुद्ध कामगारांच्या बाजूने जो पहिला मोठा आवाज उठला, तो एका संपादकाचा होता, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सभासद होते, १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या हातून नेमणुकीचा अधिकार काढून घ्यावा व त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. १९३५ च्या सुमारास मुंबईतील गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, ती जॉबरचा हा अधिकार आवरण्यासाठीच. १९३६ साली नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवणे सक्तीचे केले. दरवाजावरील बोटाच्या जागी कागद आला, नियम आला, नोंदवही आली. आजच्या मनुष्यबळ खात्याचे मूळ येथे आहे.

नावे मात्र बदलत गेली. प्रथम कामगार कल्याण, मग कर्मचारी विभाग, मग मनुष्यबळ, मानव संसाधन, आणि बोलण्यात केवळ 'एचआर' ही दोन अक्षरे. संसाधन हा शब्द कोळशाला, लोखंडाला किंवा पाण्याला लावावा तसा माणसाला लावला गेला, याबद्दल भाषेच्या अभिमान्यांनी नाक मुरडले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण नाव काहीही असले तरी प्रश्न जुनाच आहे. माणूस घेताना, ठेवताना आणि सोडताना कोणत्या हाताने ते करावे?

आता अशा खात्यातील एखादी उमेदवार मुलगी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, डोंबिवलीस राहते आणि रोज सकाळी गाडीने करी रोडला उतरते. तिची कचेरी ज्या उंच इमारतीत आहे, ती इमारत एका जुन्या गिरणीच्या जमिनीवर उभी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जागी अशा काचेच्या इमारती आल्या. जेथे जॉबर उभा राहत असे, तेथे आता दारावर यंत्र असते, आणि गळ्यातील पत्र त्याला दाखविले की दार उघडते.

तिचा पहिला धडा नावांचा असतो. हे काम क्षुल्लक वाटेल, पण तसे ते नाही. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि घराण्याचे असे तीन भागांचे नाव असते. आधारपत्रावर वडिलांचे नाव मध्ये, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात पतीचे, बँकेत केवळ आद्याक्षर, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे, हा प्रकार घरोघरी आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येकास बारा अंकांचा एक कायम क्रमांक मिळू लागला. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. परंतु क्रमांक एक आणि नावे तीन, असे झाले की पैसे अडून बसतात. आणि ते अडतात ते नेमके आजारपणात, मुलीच्या लग्नात किंवा निवृत्तीच्या वेळी.

छापखान्यातील एखादे वृद्ध यंत्रचालक अशा वेळी तिच्या टेबलाशी येतात.

"काका, दोन कागदांवर तुमची दोन नावं आहेत. खरं कुठलं धरायचं?"

"दोन्ही खरी, पोरी. एक आईनं ठेवलेलं, दुसरं मास्तरांनी रजिस्टरात लिहिलेलं. सही मात्र दोन्हीकडे माझीच आहे बघ."

मग प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, जुनी वेतनपत्रके यांची जुळवाजुळव सुरू होते. पंधरा-वीस दिवसांनी ते काम मार्गी लागते आणि काका पुन्हा येऊन चहा विचारतात. नोंदवहीतील एक ओळ म्हणजे कोणाच्या तरी म्हातारपणाची पुंजी असते, हे कळण्यासाठी एवढा एक प्रसंग पुरेसा होतो.

दुसरा धडा वेळेचा. वृत्तसंस्था आणि इतर कचेऱ्या यांत मोठा भेद हा की, जेव्हा बाकीचे शहर झोपते तेव्हा येथे काम भरात येते. वर्तमानपत्राची पाने रात्री लागतात. पहाटेच्या बातमीपत्रासाठी निवेदिका, रंगभूषाकार व तंत्रज्ञ त्याआधीच हजर लागतात. आणि पूर किंवा निवडणूक असली म्हणजे घड्याळ हा शब्दच निघत नाही. श्रमिक पत्रकारांविषयीच्या १९५५ च्या कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम पत्रकाराकडून घेऊ नये असा नियम केला. हा कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली; पण १४४ तासांची मर्यादा तिच्यातही राखलेली आहे, आणि दूरचित्रवाणी व अंकीय माध्यमांतील पत्रकारांनाही पत्रकाराच्या व्याख्येत घेतले आहे. स्त्रियांना रात्री काम द्यावयाचे तर त्यांची संमती हवी आणि त्यांच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय हवी, हेही महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात आले आहे.

उमेदवार मुलगी महिन्याच्या अखेरीस हजेरीपट जुळविते, तेव्हा हे नियम आणि प्रत्यक्ष यांतील अंतर तिच्या डोळ्यांसमोर आकड्यांत उभे राहते. एखाद्या उपसंपादकाच्या नावापुढे सलग नऊ दिवस दिसतात. त्याची तक्रार नसते. उलट, कामात रंगलेला माणूस तास मोजीत नाही, असे तोच अभिमानाने सांगतो. ही रंगत खरी असते, आणि नेमकी म्हणूनच ती मोजण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी केले पाहिजे. सात दिवसांत एक दिवस विसावा, ही लोखंड्यांनी मिळविलेली गोष्ट, एका संपादकाच्या खटपटीने मिळालेली, संपादकांच्याच कचेरीत विसरली जावी हे बरे नव्हे. अशा वेळी वरिष्ठांच्या समोर तो हजेरीपट ठेवणे, एवढेच त्या मुलीच्या हाती असते. तेवढे ती करते की नाही, यावरून ती हे काम शिकली की नाही ते ठरते.

तिसरा धडा, जे पटावर नाहीत त्यांचा. तालुक्याच्या गावी बसून बातमी पाठविणारा मुफस्सल वार्ताहर, एका चित्रीकरणापुरता आलेला प्रकाशयोजक, कंत्राटदाराकडून आलेला सफाईवाला, या सर्वांच्या श्रमावर अंक निघतो आणि कार्यक्रम दिसतो. पण त्यांची नावे वेतनपटावर नसतात. वार्ताहरास अनेकदा छापलेल्या बातमीमागे पैसे मिळतात. गाडीभाडे, पेट्रोल व धोका त्याचा त्याने सोसावयाचा. मनुष्यबळ खात्यात बसल्यावर मनुष्याचे दोन वर्ग दिसू लागतात: एक मोजलेले व एक न मोजलेले. आणि उमेदवार स्वतः या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर उभा असतो.

चौथा धडा गुप्ततेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर, २०१३ साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्षा ज्येष्ठ स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया त्यात नसाव्यात, बाहेरची एक व्यक्ती हवी, तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत व्हावी आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी, असे त्याचे नियम आहेत. तक्रारीतील नावे बाहेर फुटता कामा नयेत. बातमी फोडणे हाच जेथे पुरुषार्थ मानला जातो, त्या घरात एक बातमी कायद्याने बंद लिफाफ्यात राहते, आणि कधी कधी तो लिफाफा कपाटात ठेवण्याचे काम वीस-बावीस वर्षांच्या मुलीकडे येते. शेजारच्या टेबलावरून कोणी सहज म्हणून विचारले तरी तिला विषय बदलता आला पाहिजे. या कायद्याची आणखी एक गोष्ट तिला विशेष दिलासा देते. इतर कायदे तिला कामगार मानीत नाहीत. हा कायदा मात्र कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवारालाही स्पष्टपणे घेतो.

अशा रीतीने वर्ष सरत जाते आणि खात्याविषयीचा एक जुना आक्षेप तिच्या कानी वारंवार पडतो. तो असा की, हे खाते मालकाचे. नोकराने त्यावर विसंबू नये. या आक्षेपात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पगार मालक देतो, आज्ञाही मालकाची. तथापि नोंदवही ज्याच्या हाती, तो केवळ आज्ञाधारक राहून भागत नाही. नोंद खरी असली पाहिजे. ती मालकाला सोयीची नसली तरी खरीच असली पाहिजे. जॉबरच्या हाती नोंद नव्हती, म्हणून त्याची मर्जी हाच कायदा झाला होता. नोंद हाती असून जर पुन्हा मर्जीच चालणार असेल, तर शंभर वर्षांत केवळ खुर्ची बदलली असे म्हणावे लागेल.

हे खाते कसे आहे याची परीक्षा कोठे करावी? नव्या माणसाचे स्वागत कसे झाले, यावरून ती होत नाही. कारण ज्याची गरज असते त्याचे स्वागत सर्वच करतात. ज्याच्याकडून आता काहीच मिळवावयाचे उरलेले नाही, त्याच्याशी खाते कसे वागते ते पाहावे. अशी माणसे तीन प्रकारची असतात: नाकारलेली, निघालेली आणि उमेदवारी संपलेली.

नाकारलेल्यांची संख्या सर्वांत मोठी. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. ते आधी यंत्र चाळते आणि उरलेले माणूस वाचतो. यंत्राला शब्द कळतात, माणूस कळत नाही. लातूर किंवा सावंतवाडीचा एखादा मुलगा उत्तम मराठी लिहितो, पण अर्जाच्या इंग्रजी साच्यात त्याला स्वतःला बसविता येत नाही, आणि तो चाळणीतून खाली पडतो. मराठी वाहिनीला मराठी लिहिणाराच हवा असतो, हे यंत्राला कोणी सांगितलेले नसते. उमेदवार मुलगी वेळ काढून टाकलेल्या अर्जांतून दहा-पाच परत वर काढते. उरलेल्यांना दोन ओळींचे उत्तर जावे, एवढी तरी तिची इच्छा असते. नकार आला तर मुलगा दुसरीकडे पाहतो. काहीच आले नाही तर तो वाट पाहत राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही वाट पाहते. ते दोन ओळींचे पत्र पाठविण्यास कंपनीला काहीही पडत नाही. तरीसुद्धा फार थोड्या कंपन्या ते पाठवितात.

निघालेल्यांची गोष्ट अधिक कठीण. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईत वर्तमानपत्रांचे वाटप काही काळ थांबले, जाहिराती आटल्या, आणि अनेक ठिकाणी पगार कापले गेले, माणसे कमी झाली. बेकारीवर अग्रलेख लिहिणाऱ्या घरांत बेकारी शिरली. पण त्या घरांच्या स्वतःच्या पानांवर तिची बातमी क्वचितच आली. त्यानंतरही एखादी पुरवणी बंद होते, एखादा विभाग दुसऱ्यात मिसळतो, आणि खात्यात एक यादी तयार होते. ती यादी उमेदवाराने करावयाची नसते, पण तिच्यातील पत्रे त्याच्या हातून जातात. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते झाले पाहिजे. परंतु हिशेब वेळेवर होणे हा झाला कायदा. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला समोर बसवून, कारण सांगून, त्याचे ऐकून घेऊन निरोप द्यावयाचा की दूरध्वनीवर पाच मिनिटांत ते उरकावयाचे, हे कायदा सांगत नाही. दाराचे यंत्र सकाळी त्याचे पत्र ओळखीनासे व्हावे आणि त्यावरून त्याला नोकरी गेल्याचे कळावे, यासारखी मानहानी दुसरी नाही. उमेदवाराने हे एकदा पाहिले म्हणजे त्याला या धंद्याची जबाबदारी कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक समजते.

तिसरी ती स्वतः. वर्ष संपते, प्रमाणपत्र मिळते, आणि जागा असेल तर नेमणूक, नसेल तर निरोप. पूर्वी मूळ कायद्यात, मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही, एवढेच होते. २०१४ च्या दुरुस्तीने मात्र त्यात एक शब्द वाढविला. आपल्याकडे शिकून तयार झालेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याविषयी प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरविले पाहिजे, असे आता २२ वे कलम सांगते. धोरण काय असावे हे कायदा सांगत नाही. पण ते असले पाहिजे, हे सांगतो. दरवर्षी नवे उमेदवार आणावेत, त्यांच्याकडून कारकुनाचे काम विद्यावेतनावर करून घ्यावे आणि वर्षाअखेर त्यांना सोडावे, हेच ज्याचे अलिखित धोरण असेल, त्याने जुन्या कचेरीची ओसरीच चालू ठेवली असे होईल.

मुलगा किंवा मुलगी अशा कंपनीत उमेदवार म्हणून लागली की घरची वडीलधारी माणसे एकच प्रश्न विचारतात: "पुढे कायम होणार का?" प्रश्न योग्य आहे, पण तो मुलाला विचारून उपयोग नाही, त्याला उत्तर ठाऊक नसते. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी पाहाव्यात. उमेदवारीचा करार रीतसर नोंदला गेला आहे काय? शिकविण्याचा क्रम ठरलेला आहे काय, की मुलाने वर्षभर केवळ नावेच टंकित करावयाची आहेत? आणि २२ व्या कलमाप्रमाणे ठरविलेले धोरण कंपनीकडे लिहिलेले आहे काय? ते दाखवा, असे विनयाने म्हणण्यात उद्धटपणा नाही. माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्याने आपल्याच उमेदवाराविषयीचा कागद कपाटातून काढून दाखवावा, एवढीच ती मागणी आहे. आणि ज्या खात्याला तो कागद लगेच सापडतो, त्या खात्यात मुलाला वर्षभर पाठविण्यास हरकत नाही.